लायटर, माचिस की चकमक? आधी त्या ओल्या लाकडांचं बोलू

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी इंदूरचीच, वय 28, नोकरी करते. ऑक्टोबरमध्ये दोन मैत्रिणींसोबत उत्तराखंडात हर की दूनच्या दरीत ट्रेकला जायचंय. कुठल्या ट्रेकिंग कंपनीच्या घोळक्यात नाही, आपलं आपण. तंबू, छोटा गॅस स्टोव्ह आणि तिथल्याच गावातला एक गाइड. मागच्या पावसाळ्यात इंदूरजवळच्या चोरलला दाल-बाफल्यांची (डाळ आणि भाजलेले कणकेचे गोळे) पिकनिक झाली तेव्हा आग पेटवायचं काम हिनं अंगावर घेतलं, अख्खी माचिस संपली तरी आग काही धरली नाही, शेवटी कोणाच्या तरी जिजाजींनी गाडीतलं पेट्रोल ओतलं तेव्हा बाफले झाले, आणि तेव्हापासून ग्रुपमध्ये हिचं नाव 'ओली माचिस'. आता ट्रेकसाठी दादा म्हणतो बाहेरची फेरो रॉड (घासली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी) घे, ऑफिसातला एकजण म्हणतो वाऱ्यापावसात जळणारी स्टॉर्म माचिस घे, बाबा म्हणतात दोन रुपयांची माचिस आणि आईच्या देवघरातला कापूर पुरे. ऑनलाइन कार्टमध्ये अडीच हजारांचं सामान पडून आहे. प्रश्न असा: "ताई, मला एकच वस्तू सांगा जी कुठंही, कशाही हवेत शंभर टक्के पेटेल. पुन्हा हसं नको."

उत्तर:

अगं, पत्र वाचून आधी हसू आलं, मग त्या पेट्रोलवाल्या जिजाजींचा राग आला, आणि मग लक्षात आलं की तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तूच लिहून ठेवलंयस, फक्त तुला ते दिसून नाही राहिलं. तू लिहितेस, "काडी पेटायची, पेपर पण पेटायचा, मग नुसता धूर आणि विझलं, की परत दुसरी काडी." बघ ना, काडी पेटली, पेपर पेटला. म्हणजे माचिसनं आपलं काम दर वेळी चोख केलं आणि तरी बदनाम तीच झाली, सोबत तू पण.

पेटलं नाही ते लाकूड. मालव्यातला पावसाळा, चोरलकडचं सागवानाचं जंगल, आणि तुम्ही काटक्या उचलल्या असणार जमिनीवरून, त्या आतपर्यंत पाणी पिऊन बसलेल्या असतात. लाकडात साधारण 20 टक्क्यांच्या वर पाणी असलं की ते धड जळत नाही, पावसात पडून राहिलेल्यात तर त्याच्या कितीतरी वर असतं. ते पाणी आधी वाफ होऊन जायला लागतं, तोवर लाकूड 100 अंशाच्या फार वर जातच नाही, आणि पेट घ्यायला त्याला अडीचशे-तीनशे अंश तरी लागतात. काडी जळणार दहा-पंधरा सेकंद, पेपर त्याहून थोडा जास्त. उदबत्तीवर कुकर ठेवून डाळ शिजायची वाट बघावी तसला प्रकार झाला तो. कंड्यांचं (गोवऱ्यांचं) पण तेच, पावसाळ्यात कोपऱ्यात ठेवलेले कंडे ओल धरतात आणि वरून हात लावला तर कोरडेच वाटतात.

आता विचार कर, त्या दिवशी तुझ्या हातात दादाची फेरो रॉड असती तर काय झालं असतं? काहीही वेगळं नाही, उलट जास्तच वैताग, कारण ती ज्योत देतच नाही, नुसत्या ठिणग्या देते. आणि स्टॉर्म माचिस असती तर वाऱ्यात न विझणारी काडी पंधरा सेकंद जळाली असती आणि मग धूर. म्हणून मी म्हणते की तू जी वस्तू शोधून राहिलीयेस ती मुळात चुकीच्या जागी शोधतेयस. ज्योत मिळणं ही आजकाल सगळ्यात सोपी गोष्ट आहे. अडतं ते ज्योत आणि जाड लाकूड यांच्या मधल्या जागेत, म्हणजे पटकन धरेल आणि काही मिनिटं तग धरून जळेल असं काहीतरी, त्याच्यावर आगकाडीएवढ्या जाडीच्या कोरड्या काड्या, त्याच्यावर पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. हे मधलं घरून कोरडं नेलं तर बाबांची दोन रुपयांची माचिस सुद्धा भारी पडते.

आणि पेट्रोलचं एकदा बोलून टाकते कारण हे पत्र बाकीचे पण वाचतील. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. ओतणारा माणूस वाफेत उभा असतो आणि त्याला ते कळत नाही. धुमसत्या लाकडावर ओतलं तर ज्योत धारेवरून उलटी बाटलीपर्यंत येते. सॅनिटायझरचं पण तसंच, कोविडनंतर प्रत्येकाच्या बॅगेत असतं म्हणून लोक ते आगीवर पिळतात, आणि अल्कोहोलची ज्योत दिवसा उजेडी जवळजवळ दिसत नाही, विझलं समजून परत पिळतात. जिजाजींना सांग, बाफले थोडे कच्चे चालतात.

बरं, आता दुसरी गोष्ट, जी तू विचारली नाहीस. हर की दूनला तुला शेकोटी पेटवायचीये कशाला?

मी खवचटपणे विचारत नाहीये. तो सगळा भाग गोविंद पशु विहारमध्ये येतो, म्हणजे अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान, नैटवाडच्या चौकीवर नोंद आणि परमिट होतं तेव्हाच आत सोडतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं कलम 30 सरळ सांगतं की अभयारण्याला आग लावायची नाही, आणि त्याला धोका होईल अशी आग तिथं पेटवायची नाही, जळती सोडून यायची नाही. आणि आपल्या चोरलच्या बाजूची राखीव जंगलं घे, तिथं 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम 26 आहे, वनाधिकाऱ्यानं ठरवून दिलेला काळ सोडून आग पेटवणं, ठेवणं, अगदी नेणं सुद्धा गुन्हा. आपण पिकनिकवाले हे कधी विचारात घेत नाही कारण सगळेच करतात. पण उत्तराखंडात 2016 ला आणि 2024 ला डोंगरच्या डोंगर पेटले होते, नैनीतालकडे वायुसेनेच्या हेलिकॉप्टरनं भीमतालमधून पाणी उचलून टाकायला लागलं होतं. खालच्या पट्ट्यात चीडाच्या (पाइनच्या) सुया पडलेल्या असतात, पिरूल म्हणतात तिकडे, त्या इतक्या पटकन धरतात की आग पेटवायला आवडणाऱ्या माणसाला मोह होतो, आणि वणवा पसरतो तो त्यांच्यावरूनच.

तर तिथं तुझी आग म्हणजे मुख्यतः स्टोव्ह. सकाळचा चहा, रात्रीची खिचडी, झोपताना बाटलीत गरम पाणी. थंडीसाठी आग हा तसाही कच्चा उपाय आहे, पुढून भाजतं आणि पाठ गारच राहते. थंडीचं काम कोरडे मोजे, टोपी आणि चांगली स्लीपिंग बॅग करतात. लाकडाची आग ही फक्त अडचणीची गोष्ट समज, कोणी ओढ्यात पडून चिंब झालं, वाट चुकली, रात्र बाहेर काढायला लागली, स्टोव्ह बंद पडला, तसली. म्हणजे फायर स्टार्टर निवडताना प्रश्न असा होतो: रोज स्टोव्ह पेटवायला काय, आणि एखाद्या वाईट रात्री, बोटं बधिर झालेली असताना, काय? ही 'बोटं बधिर' वाली अट लक्षात ठेव, व्हिडिओवाले ऊन्हात बसून दाखवतात म्हणून ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

यात माझं मत स्पष्ट आहे. साधा गॅसचा लायटर, पानाच्या दुकानात मिळतो तसला, चाक फिरवून पेटणारा, पिवळ्या मऊ ज्योतीचा, पारदर्शक अंगाचा म्हणजे आत गॅस किती उरला ते दिसतं. असे दोन. ज्यातून निळी सुई सुसाट निघते तो जेट लायटर नको. तो खाली वाऱ्यात मस्त चालतो पण उंचीवर हवा विरळ झाली की गॅस आणि हवेचं मिश्रण बिघडतं आणि तो नुसता फुसफुसतो. बटण दाबून टक् करणारा पिएझोवाला पण एकट्याच्या भरवशावर नको, उंचीवर ठिणगी दगा देते. तुझ्या स्टोव्हला जो बटणाचा इग्नायटर आहे तो पण त्याच जातीचा, चालला तर बोनस समज. चार्जिंगवाला आर्क लायटर तर सोडूनच दे, थंडीत बॅटरी बसली की अटाला, म्हणजे नुसतं भंगार. आणि तो फ्लिप झाकणाचा पेट्रोलवाला स्टायलिश लायटर, फोटोत छान दिसतो, पण त्याचं इंधन न वापरता सुद्धा उडून जातं, आठवड्या-दोन आठवड्यात कोरडा.

लायटरची एक खोड आहे, थंडी. आतला गॅस ब्युटेन, तो साधारण उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्याच्या खाली गेला की द्रव तसाच पडून राहतो, वर गॅस येत नाही. उंचीवर हवेचा दाब कमी म्हणून थोडी सवलत मिळते पण ऑक्टोबरच्या पहाटे साडेतीन हजार मीटरवर ती पुरेलच असं नाही. उपाय सोपा, लायटर जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवायचा नाही, आतल्या कपड्याच्या खिशात, अंगाला लागून. गार झालाच तर मुठीत नाहीतर काखेत दोन मिनिटं धर. ओला झाला तर घाबरू नकोस, फुंकर मारून झटक, चाक पँटीवर घासून पुसून घे, आणि बटण न दाबता नुसतं चाक आठ-दहा वेळा फिरव, खडा कोरडा झाला की ठिणगी परत येते. ओल्या माचिसला हे सुख नाही, ती गेली की गेली.

अजून एक, लायटर बॅगेत दाबला जाऊन गॅस गळून जातो, आणि नेमका हवा तेव्हा रिकामा मिळतो. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून बोटभर रुंदीची एक चकती काप, रबर बँडसारखी, आणि बटणाच्या खाली अडकव म्हणजे ते दाबलं जाणार नाही. पंक्चरवाला फुकट देतो. आणि अडचणीच्या वेळी ही रबराची पट्टी स्वतःच जळण, ओली असली तरी धरते आणि चांगली मिनिटं-दोन मिनिटं जळते. धूर काळा आणि विषारी असतो म्हणून त्याच्यावर स्वयंपाक नाही, तंबूजवळ नाही, पण जिवावर बेतल्यावर चालतं.

माचिस न्यायचीच, बाबांचा मान राखायला नाही तर खरंच, कारण लायटरची जी दुखणी ती माचिसची नाहीत, थंडीनं तिला काही होत नाही. पण आपली माचिस सेफ्टी माचिस असते, काडीच्या डोक्यात पोटॅशियम क्लोरेट आणि लाल फॉस्फरस डबीच्या बाजूच्या पट्टीत, दोघांची गाठ पडल्याशिवाय पेटत नाही. म्हणून काड्या कोरड्या ठेवून भागत नाही, पट्टी ओली झाली तर कोरड्या काड्या हातात घेऊन बसायचं. काड्या आणि कापलेली पट्टी दोन्ही एका घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत, पट्टीला काड्यांची डोकी घासणार नाहीत अशी पन्नीत (प्लास्टिकमध्ये) गुंडाळून. काड्यांची डोकी वितळलेल्या मेणात बुडवून ठेवतात लोक, चांगलं आहे, फक्त ओढायच्या आधी नखानं टोकावरचं मेण काढायला लागतं, नाहीतर मेण पट्टीला लागतं आणि पट्टी गुळगुळीत. हे पण गार बोटांनी करून बघ म्हणजे कळेल. स्टॉर्म माचिस वाईट नाही, डोकं मोठं, मसाला जास्त, वाऱ्यात विझत नाही, पण एका डबीत मोजक्याच काड्या आणि भाव बघून काडी ओढायला जीव होत नाही. घ्यायची तर एक डबी घे, आणि ती त्या वाईट रात्रीसाठी राखून ठेव.

आता फेरो रॉड. दादा चुकीचं नाही म्हणून राहिला, अर्धवट म्हणून राहिला. ती रॉड म्हणजे फेरोसिरियम, लोखंड आणि सिरियमसारख्या धातूंचं मिश्रण, 1903 मध्ये आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं पेटंट घेतलं होतं. तुझ्या दहा-वीस रुपयांच्या लायटरमध्ये चाकाखाली जो खडा असतो तो पण तोच माल! रॉडच्या ठिणग्या तीन हजार अंशाच्या आसपास जातात, भिजली तरी पुसून चालते, हजारो वेळा चालते, गॅस संपायचा प्रश्न नाही. पण ठिणगी म्हणजे क्षणभराचं काम, तिला झेलायला अगदी मऊ, तंतूतंतूचं, कोरडं काहीतरी लागतं. पेपरच्या बोळ्यावर मारत बसलीस तर संध्याकाळ होईल. आणि नवीन रॉडवर काळा रंग असतो तो आधी खरवडून काढायला लागतो, हे न कळल्यामुळे कितीतरी लोक 'खराब निघाली' म्हणून परत करतात. मारायची पद्धत पण उलटी आहे, पातं पुढे ढकलायचं नाही कारण मग हात जाऊन सगळा ढीग उडवतो, पातं ढिगाजवळ स्थिर धरायचं आणि रॉड मागे ओढायची. गॅस स्टोव्हला मात्र ती एकदम झकास, बर्नरजवळ एक झटका की पेटला. म्हणून तिसऱ्या नंबरवर ठेव, एकच, साधी, बोटाएवढ्या जाडीची. सोबतचा मॅग्नेशियमचा ठोकळा नको, त्याचा कीस पाडता पाडता जीव जातो आणि पाडलेला कीस वाऱ्यावर.

आता ती मधली वस्तू, जिच्यासाठी एवढं सगळं लिहिलं.

बाबा बरोबर आहेत, कापूर भारीच. काडी दाखवली की धरतो, ओल्या जागी पण जळतो, पाण्यावर तरंगत सुद्धा जळतो. खोड एकच, तो उघड्यावर हवेत उडून जातो, बिनजळताच. पुड्या कागदाच्या असतील तर महिन्याभरात वड्या अर्ध्या होतात, देवघरात बघितलंच असशील. घट्ट झाकणाची स्टीलची डबी हवी. आपल्या सियागंज बाजारात किलोनं मिळतो, तुला मूठभर पुरे. पण कापूर लवकर जळून जातो, काजळी धरतो, म्हणून त्याला जोडीदार लागतो.

जोडीदार म्हणजे फुलवात. देवासाठी करतात तीच कापसाची, फक्त तुपाऐवजी व्हॅसलीन (तूप नको, वास सुटतो आणि रात्री तंबूत उंदीर पाहुणे येतात). इथं नीट बघ कारण बहुतेक जण इथंच बिघडवतात. अख्खी वात व्हॅसलीनमध्ये लडबडवायची नाही. कापूस खरा कापूसच हवा, मेकअप काढायचे कृत्रिम धाग्याचे पॅड वितळतात. वातीचा खालचा अर्धा भाग चिमटीत धरून त्यात व्हॅसलीन चांगलं मळ, बोटाला लागेल इतकं, आणि वरचा अर्धा कोरडा ठेव. वापरायच्या वेळी तो कोरडा शेंडा दोन्ही चिमटीत धरून हळू ओढ, तंतू सुटे होत जातात, इतके की वात उजेडाकडे धरली तर पलीकडचं दिसायला पाहिजे. त्या जाळ्यावर ठिणगी पडली की आधी कडेकडेनं लाल धावतं आणि एकदम भक्कन ज्योत, आणि मग ती खालच्या व्हॅसलीनवर येऊन संथ होते, चांगली चार-पाच मिनिटं टिकते. फुलवात न सोडवता, घट्टच ठेवून रॉड मारत राहणाऱ्याची ठिणगी कापसावरून घसरून जाते. अशा वाती करून छोट्या झाकणाच्या डबीत दाबून भर, वर दोन वड्या कापूर वेगळ्या पन्नीत. वजन काहीच नाही.

दुसरा प्रकार सुताराकडचा बुरादा (लाकडाचा भुसा) आणि जुन्या मोमबत्त्या. लोक अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये भरतात, तुझ्याकडे आईला चालणार नसेल तर रिकाम्या माचिसच्या आतल्या खणात भर, वरून वितळलेलं मेण. मेण गॅसवर थेट ठेवायचं नाही हं, भडकतं, गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळव. हा एक ठोकळा दहा मिनिटांच्या आसपास जळतो, एवढ्या वेळात दमट काड्या सुद्धा सुकून धरतात. चोरलला हे दोन असते ना, तर तुझं नाव काही पडलं नसतं.

व्हिडिओत भूर्जाची साल सोलून आग पेटवतात, ते इथं करायचं नाही. आपल्याकडे ते भोजपत्र, हर की दूनच्या अंगाला ती झाडं आहेत, हळू वाढतात, आधीच ओरबाडून कमी झालीत. साल घरून नेलेल्या वातीपेक्षा काही चांगली नसते.

लाकूड कधी खरंच जमवायला लागलं तर जमिनीवरचं नको, वर फांद्यांत अडकून वाळलेलं बघ, मोडताना कटकन आवाज येणारं. वाकलं तर ओलं. बाहेरून भिजलेली काठी उभी चिरली की आतून कोरडी निघते बऱ्याचदा, त्याचे पातळ काप काढ. आणि पेटवायच्या आधी सगळं हाताशी मांडून घे, काड्या, पेन्सिली, अंगठे, वेगवेगळे ढीग. वात पेटल्यावर काड्या शोधायला उठणारा माणूसच दुसरी वात मागतो.

आता सराव. गच्चीवर तगारीत (घमेल्यात) कर, बाजूला पाण्याची बादली. पहिल्यांदा कोरड्यात, मग काटक्या रात्रभर बादलीत बुडवून, मग हात बर्फाच्या पाण्यात घालून ठेवून, बोटं आखडली की लगेच लायटर फिरवायचा. यात एक गोष्ट कळेल, काही लायटरची चाकं लहान मुलांपासून वाचवायला मुद्दाम कडक ठेवलेली असतात, आखडलेल्या अंगठ्यानं ती फिरतच नाहीत. तसला लायटर घरीच ठेव. हे दुकानात बघून कळत नाही आणि रिव्ह्यूत कोणी लिहीत नाही.

आणि हा सराव तिघींनी करायचा. तुझ्या पत्रात मला एक खटकलं, सगळीकडे 'मी' आहे. मी काय नेऊ, मी कशी पेटवू, मला पुन्हा हसतील. अगं, आग हे तुझ्या एकटीचं खातं कधी झालं? चोरलला त्यांनी तुला चिडवलं आणि तू ते मनावर घेऊन अडीच हजारांची कार्ट भरलीस, म्हणजे त्या पैशातले निम्मे तर चिडवण्याचेच आहेत. रागावू नकोस, पण भरवशाची वस्तू घेण्यामागे 'आता बघाच' हे कारण असलं ना, की माणूस दिसायला भारी वस्तू उचलतो. बरं, सुरक्षेचा मुद्दा पण आहे. सगळं तुझ्या बॅगेत आणि तू नेमकी मागे राहिलीस किंवा बॅग ओढ्यात गेली तर त्या दोघी काय करतील? प्रत्येकीच्या खिशात एक लायटर, प्रत्येकीच्या बॅगेत वातींची एक डबी, रॉड आणि माचिस वेगवेगळ्या बॅगांत. आणि ग्रुपमध्ये ते नाव अजून चालू असेल आणि तुला खरंच लागत असेल, तर एकदा सरळ सांगून टाक की आता पुरे. ते काम लायटर नाही करणार.

गाइडला पण विचार. ओसला-सांकरी या तिथल्या गावांकडची माणसं रोज चूल पेटवतात, ती आपल्यापेक्षा कमी सामानात आणि कमी बोलून आग लावतात. कुठं पेटवलेली चालते आणि कुठं बिलकुल नाही हे त्यांना चौकीवाल्याइतकंच माहीत असतं.

एक धोक्याचं ठळकपणे सांगते. थंडी वाजली म्हणून स्टोव्ह, सिगडी, निखारे काहीही तंबूत किंवा बंद खोलीत नाही, पाच मिनिटं पण नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप येते आणि माणूस उठत नाही, उत्तरेकडे दर हिवाळ्यात अशा बातम्या येतातच. चहा तंबूच्या बाहेर, आडोसा करून.

राहिलं जाण्याचं. विमानानं जाणार असशील तर भारतात लायटर आणि माचिस दोन्हीला बंदी आहे, हातातल्या बॅगेतही आणि चेक-इनमध्येही, गॅसचं तर नावच नको, तेव्हा इंदूरला जमवलेलं विमानतळावर काढून ठेवायला लागेल. लायटर-माचिस देहरादूनला कुठंही मिळतात, इथून वाती नि डब्या फक्त ने. कापूर पण तिकडेच घे, ज्वलनशील म्हणून तपासणीत अडकायला नको. ट्रेननं जाणार असशील तर गॅसचा कॅनिस्टर, केरोसीन, पेट्रोल यातलं काही न्यायचं नाही, रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 164 मध्ये शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, आणि शिक्षेचं सोड, भरलेल्या डब्यात ते नेणं हेच भयंकर. कॅनिस्टर देहरादूनला घ्या, दुकानात आधी फोन करून ठेवा कारण सीझनला संपतात. घेताना डब्यावर वाच, नुसता ब्युटेन असेल तर पहाटे रडवेल, आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण असलेला माग, आयसोब्युटेन उणे बाराच्या आसपास आणि प्रोपेन उणे 42 पर्यंत उकळतो म्हणून थंडीत दाब राहतो. आणि स्टोव्हचे आटे त्या डब्याला बसतात का ते दुकानातच लावून बघ, लांब डबा आणि आट्यांचा बुटका डबा हे वेगळे प्रकार आहेत, सांकरीला पोचल्यावर कळलं तर वातींची डबी घेऊन बसायला लागेल.